राधेला नावं ठेवण्याआधी

श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'मधली राधा लग्नाची असून बापूवर जीव लावते. गाव तिला बदफैली ठरवतं. कादंबरी 1952 ची, मुलूख दापोलीचा. बाबासाहेबांचं आंबडवेही याच रत्नागिरी जिल्ह्यात. आदल्याच वर्षी, 27 सप्टेंबर 1951 ला, बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. एक मोठं कारण होतं स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारं, अडवलं गेलेलं हिंदू कोड बिल.

आम्ही विचारतो, नकोशा लग्नातून सन्मानाने बाहेर पडण्याची वाट ज्यांनी अडवली, त्यांना बदफैली कोण म्हणणार? आणि आमच्याच वस्तीत नवरा सोडून आलेल्या बाईमागे आम्हीही कुजबुजत असू, तर तो राजीनामा आम्हाला कळलाच नाही.

जय भीम!