बिनतारी आदेश कोणाचा?

पोलंडच्या वायव्य भागातील श्चेचिन परिसरात २५ ऑगस्ट २०२३ रोजी रात्री वीसहून अधिक रेल्वेगाड्या एकाएकी थांबल्या. कोणी बॉम्ब ठेवला नव्हता की संगणकात घुसखोरी केली नव्हती. तीन ठरावीक स्वरांचा बिनतारी संकेत कोणीतरी प्रक्षेपित केला आणि इंजिनांतील यंत्रणेने आपत्कालीन ब्रेक लावले. त्यानंतर देशाच्या ईशान्येकडील बियालिस्तोक येथे अशाच प्रकारांबद्दल दोन पोलिश नागरिकांना अटक झाली.

‘रेडिओ-स्टॉप’ नावाची ही जुनी अ‍ॅनालॉग व्यवस्था संकेत ओळखते. तो पाठवणारा कोण, हे ती विचारत नाही. हे निव्वळ दुर्लक्ष नव्हे. अपघात टाळायचा असेल तर गाडी थांबवण्याचा आदेश क्षणाचाही विलंब न होता पोहोचला पाहिजे, हा त्यामागील विचार आहे. मात्र स्वर आणि वारंवारता जगजाहीर असल्याने स्वस्त संचावरूनही तोच आदेश देता येतो.

पोलीस, अग्निशमन दल वा टॅक्सी कंपन्यांच्या बिनतारी यंत्रणेत प्रत्येक संचाला क्रमांक देण्याची पद्धत जुनीच आहे. ‘एमडीसी-१२००’ या मोटोरोलाच्या पद्धतीत बोलण्याचे बटण दाबताच किंवा सोडताच एक छोटा संकेत जातो आणि नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर संचाचा क्रमांक उमटतो. संकटातील कर्मचाऱ्याला बोलता आले नाही, तरी मदत कोणाला हवी हे त्यावरून कळते. परंतु हा क्रमांक संचात कोणालाही भरता येतो. म्हणजे तो नावाची पाटी आहे, ओळखपत्र नव्हे.

‘टेट्रा’सारख्या डिजिटल यंत्रणेत यावर उपाय आहे. तेथे केंद्र संचाला एक कोडे घालते आणि गुप्त किल्ली असलेला संचच त्याचे योग्य उत्तर देऊ शकतो. मात्र ही पडताळणी ऐच्छिक असल्याने ती चालू ठेवण्याचा निर्णय यंत्रणा चालवणाऱ्यांवर सोडलेला आहे.

क्रमांकाची दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. अमेरिकी पोलीस वापरत असलेल्या ‘पी-२५’ यंत्रणेत संभाषण कूटबद्ध असूनही संचाचे क्रमांक अनेकदा उघडपणे प्रक्षेपित होतात, असे तेथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. अशा क्रमांकांवरून पथकाच्या हालचालींचा माग काढणे शक्य होते.

ओळख सांगणे आणि ती सिद्ध करणे यांतील अंतर पोलंडमध्ये काही गाड्यांच्या खोळंब्यावर निभावले. थांबवण्याऐवजी पुढे जाण्याचा आदेश असाच बिनओळखीचा स्वीकारला गेला असता, तर परिणाम केवळ खोळंब्यापुरता राहिला नसता.