भूत कधी येणार?

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचन मंडळाने एक भयकादंबरी चर्चेला घेतली. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची, १९५९ साली प्रसिद्ध झालेली 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस'. आम्ही सात-आठ जण जमलो होतो. चहा येण्याआधीच एका मित्राने पुस्तक बाजूला सारले आणि विचारले, "एवढी पाने वाचली, भूत कधी येणार?" दुसरे ज्येष्ठ स्नेही त्याच्याही पुढे गेले. "आपल्या समाजापुढे शिक्षणाचे, रोजगाराचे एवढे प्रश्न असताना बंगल्यातली भुते कशाला वाचायची?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी गप्प बसलो. ते चुकलेच. आज बोलतो.

पहिला आक्षेप संथपणाचा. कादंबरीची प्रकरणे नऊ. त्या घरात रात्री दार धडधडू लागते ते चौथ्या प्रकरणात. त्याआधी काय घडते? एलेनॉर नावाची बत्तीस वर्षांची अविवाहित बाई घडते. अकरा वर्षे तिने आजारी आईची सेवा केली. आई गेली आणि ही बहिणीच्या घरात एका कोपऱ्यात राहू लागली. मोटारीत तिचाही अर्धा पैसा आहे, पण बहीण आणि मेव्हणा तिला ती नेऊ देत नाहीत. एक दिवस ती न विचारता मोटार घेऊन निघते. वाटेत खाणावळीत एक लहान मुलगी दिसते. घरच्या पेल्याच्या तळाशी चांदण्या आहेत, तो नाही म्हणून ती इथे दूध पीत नाही. पुढे ओळख झालेल्या लोकांना एलेनॉर सांगते, माझ्याकडे असा पेला होता. माझे स्वतःचे छोटेसे घर आहे. सगळे खोटे. तिचे काहीच नाही.

माझ्या मित्रांनी हीच पाने "पाल्हाळ" म्हणून उलटली. मग दारावरचे धक्के त्यांना नुसता आवाज वाटले, यात नवल काय? ज्याने ती पाने सावकाश वाचली त्याला कळते की अर्धवट झोपेत एलेनॉरला वाटते, आईच भिंत ठोठावते आहे. पुढे ती कबूल करते. शेवटच्या रात्री आईने ठोठावले होते, हाका मारल्या होत्या, आणि आपण उठलो नाही. भूत पानावर कुठेच समोर येत नाही. ते मानावे की न मानावे, हा वादही इथे उभा राहत नाही. याच कादंबरीवर १९६३ साली रॉबर्ट वाइझ यांनी चित्रपट काढला. त्यांनी भूत दाखवले नाही, तो चित्रपट आजही नावाजला जातो. १९९९ साली दुसरा निघाला. त्यात संगणकाच्या करामतीने सगळे दाखवले, आणि समीक्षकांनी त्याची टर उडवली. घाई कुणाला भोवली ते उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या प्रश्नांशी याचा काय संबंध? उत्तर द्यायचे तर मला माझ्याच घराचे दार उघडावे लागेल.

आमची अम्मी नऊ वर्षे पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होती. आम्ही दोघे भाऊ नोकरीच्या गावी. सेवा आपाने केली. अम्मीला बोलता येत नसे. रात्री काही लागले की ती स्टीलचा पेला पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायची. आपाची दोन स्थळे त्या ठोक्यांत परत गेली. अम्मी वारली. चाळिसावा झाला आणि आम्ही भावांनी आपापुढे हक्कसोडपत्र ठेवले. कुराणाने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे. मुलाच्या निम्मा, पण ठरलेला. जुम्म्याला पहिल्या सफीत बसणाऱ्या आम्हाला ते ठाऊक नव्हते काय? आपाने सही केली. म्हणाली, "तुम्ही खूश राहा." घर विकले. आपा आज मावसबहिणीकडे एका खोलीत राहते.

कादंबरीच्या अखेरीस सगळे एलेनॉरला गोड बोलून निरोप देतात. तुझ्याच भल्यासाठी जा, म्हणतात. कुणी सोबत न्यायला तयार नाही, जायला जागा नाही. ती मोटार झाडावर नेऊन घालते. त्या पानावर मी पुस्तक मिटले. फज्रची अजान होईपर्यंत डोळा लागला नाही. कानात पेल्याचे ठोके होते.

आता सांगा, याचा आपल्या प्रश्नांशी संबंध नाही? हक्कसोडपत्रावर सह्या करून गप्प बसलेल्या बहिणी आपल्या कोणत्या मोहल्ल्यात नाहीत? यावर भाषण ठोकले असते तर मी टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. अशी भाषणे मी स्वतः दिली आहेत. दुसऱ्याच पानावर भूत नाचले असते तर दचकून विसरलो असतो. या बाईने मला दीडशेहून जास्त पाने एलेनॉरच्या शेजारी बसवून ठेवले आणि पळायला वाट ठेवली नाही. संथपणाचे काम ते.

म्हणून संपादकांना विनंती, हाती आलेल्या कथेवर "गती नाही" असा शेरा मारण्याआधी ती एकदा पुन्हा वाचा. लिहिणाऱ्या तरुण मित्रांनो, पहिल्याच परिच्छेदात दंगल किंवा तलाक आणलाच पाहिजे असे नाही. अकरा वर्षे आधी काय चालले होते ते लिहा. आणि वाचकहो, भूत कधी येणार हे विचारू नका. कदाचित ते तुमच्या सहीच्या कागदावर आधीच येऊन बसले असेल.

मी वकिलांना भेटून आलो आहे. माझ्या वाट्याला आलेल्या पैशांतून घेतलेल्या घराचा अर्धा भाग आपाच्या नावे हिबा करायचा ठरवला आहे. बायको नाराज आहे, भाऊ बोलत नाही. आपाला अजून सांगितलेले नाही. या ईदला जाणार आहे.