जास्मिन कुणाची, हे विचारणारे तुम्ही कोण?

२ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक. जास्मिन कॅमाचो-क्विनने शंभर मीटर अडथळा शर्यत १२.३७ सेकंदांत जिंकली. ॲथलेटिक्समध्ये पोर्तो रिको या छोट्या कॅरिबियन बेटाचे हे पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण. पण लगेच समाजमाध्यमांवर पंचनामा सुरू झाला : ही खरी पोर्तो रिकन आहे का? जन्म अमेरिकेतला, वडील कृष्णवर्णीय अमेरिकन, स्पॅनिश येत नाही!

आमचा प्रतिप्रश्न असा : स्पॅनिश तरी त्या बेटाची मूळ भाषा कुठे आहे? स्पेनच्या राज्यकर्त्यांनी ती तिथल्या ताईनो लोकांवर लादली. त्यांनीच आफ्रिकेतून माणसे आणून गुलाम म्हणून राबवली. ती गुलामी १८७३ साली कायद्याने संपली. १८९८ पासून सत्ता अमेरिकेची. बेटावरच्या माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व आहे, पण राष्ट्राध्यक्ष निवडायला मत नाही. आज बेटावर आहेत त्याहून जास्त पोर्तो रिकन अमेरिकेत राहतात. मग त्यांच्या लेकी परक्या कशा?

२०१६ साली रिओच्या उपांत्य फेरीत जास्मिन अडथळ्यांना धडकली आणि बाद झाली. तेव्हा ती वीस वर्षांचीही नव्हती. तरी आईच्या बेटासाठीच ती पुन्हा धावली. २०२४ साली पॅरिसमध्ये १२.३६ सेकंद, म्हणजे स्वतःच्या सुवर्णापेक्षाही वेगवान धावून तिने कांस्य मिळवले.

मैदानातल्या दहा अडथळ्यांची उंची नियमाने ठरलेली असते. रक्त आणि भाषा तपासणारे मात्र आपला अडथळा रोज उंच करतात. शुद्धतेची ही मोजपट्टी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. म्हणून सांगतो, तिच्यापुढे पुरावे मांडत बसू नका, ती मोडून टाका!