प्लॉटवाल्याचं लगीन

सावेडीत प्लॉट झाला की आमचा माणूस पोरगी बघायला निघतो. आधी नोकरी, मग कर्ज, मग पाइपलाइन रोडच्या आसपास दोन खोल्या आणि वर गच्ची. एवढं झालं की बायोडाटा छापायचा. त्यात नाव, शिक्षण, उंची आणि चौथ्या ओळीला प्लॉट. माणूस कसा हाय, हे शेवटच्या ओळीतसुद्धा सापडत नाय.

दोस्तहो, गेल्या उन्हाळ्यात असल्याच एका मित्राबरोबर मी पोरगी बघायला गेलो. मित्र चळवळीतला. चौदा एप्रिलला मिरवणुकीत सगळ्यात पुढं निळा झेंडा त्याच्याच हातात. पोरगी स्टाफ नर्स. रात्रपाळी करून आलेली, डोळे लाल, तरी ताठ बसलेली. पोहे झाले. मित्राच्या मामानं विचारलं, "पगार किती?" तिनं आकडा सांगितला.

"आणि लग्नानंतर पगार कुठं जाणार?"

ती म्हणाली, "अर्धा आईला. भाऊ शिकतोय अजून."

बैठक तिथंच मोडली. जिना उतरताना मित्र मला म्हणतो, "चार पैसे आले की लोक लुटायलाच बघतात रं. माणूस ओळखायचा कसा?"

अरे, ओळखू आला की! एका वाक्यात ओळखू आला. पगार हातात आल्यावरही जी आईला विसरली नाय, तिला तू लुटारू म्हणतोस? तुझी आय याच सावेडीत दारोदार धुणीभांडी करत होती. तुझ्या आजीनं १९७२ च्या दुष्काळात रस्त्याकडेला बसून खडी फोडली. तुझी फी स्कॉलरशिपनं भरली, जेवण होस्टेलनं घातलं, नोकरी राखीव जागेवर लागली. ती जागा मिळावी म्हणून कोण कोण उपाशी मेलं, त्याची यादी तुझ्या गच्चीवर मावायची नाय. तू आईला पैसे धाडलेस तर पांग फेडले. तिनं धाडले तर लूट? हा हिशेब कुठल्या मनूकडून शिकलास?

पैसेवाल्याला भीती असते, हे मला कळतं. माझ्याकडं बघून आली की माझ्या घराकडं बघून, ही शंका खोटी नाय. पण बायोडाट्यात प्लॉट कुणी छापला? दुकान तूच मांडलंस, मग गिऱ्हाईक आलं म्हणून रडतोस कशाला?

जोतीराव फुल्यांकडं पैसा होता. बांधकामाचे ठेके घेणारा माणूस. मूल नाय, इस्टेटीला वारस नाय, म्हणून दुसरी बायको कर, असा घरच्यांचा लकडा. जोतीराव हलले नाहीत. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं पोर, यशवंत, त्यांनी नि सावित्रीबाईंनी आपलं केलं. १८८९ साली त्याचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं लावलं, तेही जातीबाहेरच्या मुलीशी. त्याआधी होणारी सून घरी आणून ठेवली, का तर दोघांची ओळख व्हावी. आपल्या नगरातल्या फरार बाईंच्या मुलींच्या शाळा बघून ज्या माणसानं पुण्यात शाळा काढली, तो हा माणूस. आणि त्याच नगरात आम्ही अर्ध्या तासात पोह्यांवर पोरगी नापास करतो!

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं होतं की बायकोनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभं राहावं, त्याची गुलाम होऊ नये. मैत्रिणीचं पासबुक कोण काढून घेतं का रे?

आता म्हणतील, "आम्ही हुंडा घेत नाय." होय, खरंय. 'घराच्या कर्जाला थोडा हातभार' एवढंच मागतात. १९६१ च्या कायद्याप्रमाणं लग्नापायी मागितलेला तो हातभारही हुंडाच, आणि नुसता मागितला तरी गुन्हा. साहेबांना कायदा तोंडपाठ असतो, मामाला पुढं करून स्वतः गप्प बसतात.

आणिक एक. बायोडाट्यात ठळक अक्षरात 'बौद्ध'. मग मामा हळूच विचारतो, "बौद्ध, पण आधीचे कोणते?" मांगाची पोरगी चालत नाय, चांभाराची चालत नाय. १९३६ साली बाबासाहेबांनी जात मोडायचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय लग्न सांगितलं. या आपल्याच जिल्ह्यात २०१३ साली सोनईत तीन पोरं कापली गेली, २०१४ साली खर्ड्यात नितीन आगे मारला गेला. जातीबाहेरच्या पोरीशी नाव जोडलं गेलं, एवढ्यावरून. त्या मोर्चांत आपण घसे फोडले. तेच घसे सावेडीच्या हॉलमध्ये खालच्या पट्टीत पोटजात विचारतात.

ज्याच्याकडं आहे, त्यानं आधी स्वतःची वही उघडावी. माझं कर्ज इतकं, माझा पगार इतका, घराच्या कागदावर नाव दोघांचं, तिचा पगार तिच्या खात्यावर, आणि दोन्ही आयांना दोघांच्या कमाईतून. एवढं पोह्यांच्या आधी बोलून बघ. कोण पैशाला आली आणि कोण माणसाला, ते तिथंच कळंल. तुझंही तिला कळंल. भ्यायचं असंल तर ते याला भी.

मित्राचं लगीन जमलं, दुसरीकडं. पत्रिका आली, गुळगुळीत कागदाची, वर बुद्ध, खाली बाबासाहेब. दारात नवी चारचाकी उभी आहे, सासऱ्यानं 'प्रेमानं' दिलेली. मी जाणार नाय. पत्रिकेच्या मागं लिहून परत धाडली : गाडीचा हप्ता कोण भरतंय?

अजून उत्तर नाय.