कर्जाचा खोडवा किती वर्षे ठेवायचा?



या पत्रिकेत आमच्या विभागाकडून आपण नेहमी बेणे, लागण, हुमणी आणि खतांच्या मात्रा यांबद्दल वाचता. या वेळी विषय जरा निराळा आहे. प्लॉट बघायला गेलो की पहिली पाच मिनिटे उसाची होतात. मग बांधावर बसले की बोलणे वळते. सोसायटीचे किती, बँकेचे किती, सोने ठेवले त्याचे किती, आणि शेवटी आवाज खाली करून, गावातल्या माणसाचे किती. हा विषय शेतीबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याच्या मागे महिन्याला शेकडा तीनचे व्याज लागले आहे तो खत वेळेवर आणू शकत नाही, मोठी बांधणी लांबवतो आणि त्याचे टनेज घसरते. घराचे कर्ज सरळ उसाच्या मुळाशी जाऊन बसते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. शेतकरी उधळ्या आहे म्हणून कर्जबाजारी आहे, ही शहरातली समजूत मला मान्य नाही. पाऊस, महापूर, विजेचा खेळखंडोबा, घरातले आजारपण, खतांचे भाव, यांतले काहीही आपल्या हातात नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, ती काही हौसेने नाही. पुढे १९०४ च्या कायद्याने पतसंस्था आल्या आणि प्रवरानगरला शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहून १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम झाला. त्या सगळ्यामागे हेतू एकच होता, शेतकऱ्याची मान सावकाराच्या हातातून सुटावी. पण सहकार आला, पाणी आले, ऊस आला, आणि सावकार मात्र मागच्या दाराने पुन्हा घरात आला. तो का आला, याचा विचार आपणच करायला पाहिजे.

माझ्या मते त्याचे मोठे कारण 'नवं-जुनं' हे आहे. सोसायटीची मुदत आली की कुणाकडून तरी पंधरा दिवसांसाठी पैसे उचलायचे, कर्ज भरल्याचे दाखवायचे, लगेच नवे उचलायचे आणि पहिल्याचे त्याला द्यायचे. कागद नवा झाला, कर्ज तेच राहिले, वर पंधरा दिवसांचे जबर व्याज गेले. याला मी कर्जाचा खोडवा म्हणतो. उसाचा खोडवा आपण एक-दोन वर्षे ठेवतो. मग नांग्या वाढतात, उतारा पडतो आणि आपण बुडखे काढून रान मोकळे करतो. कर्जाच्या खोडव्याचे मात्र उलटे आहे. त्याला खत लागत नाही, पाणी लागत नाही, आणि दरवर्षी फुटवे जास्तच येतात.

हिशेब करून बघू. समजा एका सभासदाचा दोन एकर ऊस आहे, एकरी ४० टन. एकूण ८० टन. हातात टनाला ३,००० रुपये धरले तर बिल २,४०,००० रुपये. सोसायटीचे १,१०,००० कपात झाले, उरले १,३०,०००. गावातले खाजगी देणे ६०,००० आहे, महिना शेकडा तीनने. म्हणजे महिन्याला १,८०० आणि वर्षाला २१,६०० रुपये व्याज. टनात मोजले तर सात टनांहून जास्त ऊस नुसत्या व्याजाला जातो. मुद्दलाला हात न लावता तीन वर्षे असेच चालले तर व्याजच ६४,८०० रुपये जाते, आणि ६०,००० मुद्दल जागचे हलत नाही.

आता तोच सभासद दुसऱ्या पद्धतीने वागला तर? पहिल्या बिलातून व्याज २१,६०० आणि मुद्दल ३०,००० दिले. घरखर्चाला उरले ७८,४००, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार, शिवाय दहा दिवसाला येणारे दुधाचे पैसे. ओढाताण आहे, नाही असे नाही. दुसऱ्या वर्षी व्याज १०,८०० आणि उरलेले ३०,००० दिले की सुटका. दोन वर्षांत एकूण व्याज गेले ३२,४००, म्हणजे वरच्या हिशेबाच्या बरोबर निम्मे, आणि घर मोकळे झाले. जमीन तीच, ऊस तोच, भाव तोच. फरक फक्त दोन हंगाम मन आवरण्याचा.

इथे कोणी म्हणेल, "साहेब, मन आवरा म्हणायला तुमचे काय जाते?" खरे आहे. नुसते मन आवरून आवरत नाही. दहा-बारा महिने वाट बघायची आणि एका दिवशी खात्यावर लाख-दीड लाख जमा व्हायचे, अशा वेळी भल्याभल्यांचा तोल जातो. पगारदाराला महिन्याला थोडे थोडे मिळते. आपल्याला पाटाने येते. आणि पाटाचे पाणी सोडून माणूस झोपी गेला की काय होते ते आपण जाणतो. वरचे सरे तुडुंब आणि शेवटचे कोरडे. बिलाचेही तसेच. पहिल्या महिन्यात मोबाईल, कपडे, धाबा, देवदर्शन, आणि ज्येष्ठात बियाण्याला पैसे नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे की, मनावर भार टाकण्यापेक्षा व्यवस्थेवर टाका. रानाला ठिबक केले तसे पैशालाही करा.

ते कसे? कोयता लागायच्या आधी एका रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून एका कागदावर सगळी देणी लिहावीत. कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, तारण काय. घरची कारभारीण त्या बैठकीला पाहिजेच. पुष्कळ घरांत कर्ज तिच्यापासून लपवलेले असते, आणि जे लपवले ते फिटत नाही. मग ज्याचा व्याजदर सर्वांत जास्त ते कर्ज वर घ्यावे. मोठी रक्कम आधी की ओरडणारा सावकार आधी, हा विचार करू नये. जास्त दर आधी. बाकीच्यांचे नियमाने जेवढे द्यायचे तेवढे द्यावे. बिल जमा झाले की दोन दिवसांत त्याचे वाटे करावेत. कर्जाचा वाटा त्याच दिवशी भरावा आणि पावती घ्यावी. घरखर्चाचा वाटा वेगळ्या खात्यात ठेवावा, त्याचे ए.टी.एम. कार्ड खिशात बाळगू नये, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कमच काढावी.

दुसरी सवय म्हणजे खर्च टनात मोजायची. मावा, पुडी, विडी-काडी आणि टपरीवरचा चहा मिळून रोज ४० रुपये गेले तर वर्षाला १४,६०० होतात. म्हणजे जवळजवळ पाच टन ऊस. पाच टन ऊस कोणी रात्रीत तोडून नेला तर आपण पोलिसात जाऊ. टपरीवर मात्र आपण स्वतः नेऊन घालतो. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुडी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. या पुडीची खरी किंमत तर नंतर कळते, तोंड उघडेनासे झाले की. दवाखान्याचे कर्ज हे सर्वांत वाईट कर्ज. ते फेडायला लागणारे हातपायच आजारी असतात.

व्यसन आणि कर्ज यांची जोडी आहे. काळजीने माणूस बाटलीकडे जातो आणि बाटलीने काळजी वाढते. म्हणून कर्ज फेडायच्या दोन वर्षांत तब्येतीचीही शिस्त पाहिजे. सकाळी पोटभर भाकरी खाऊन घराबाहेर पडावे, उपाशी माणूसच हॉटेलात शिरतो. जवळच्या रानात गाडीऐवजी पायी जावे. रात्री वेळेवर झोपावे. बाजाराला जाताना यादी आणि तेवढेच पैसे न्यावेत. सगळे एकदम सोडायच्या नादी लागू नये, एका वेळी एकच सवय धरावी. जो रोज भरपूर पितो त्याने एकदम तोडण्याआधी डॉक्टरांना दाखवावे, कारण अचानक सोडल्याने जिवाला धोका होऊ शकतो. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ या सरकारी दूरध्वनीवर मोफत सल्ला मिळतो. आणि कर्जाने मन फार जड झाले, नको ते विचार येऊ लागले, तर १४४१६ वर बोलावे. यात लाज नाही. ऊस पुन्हा लावता येतो, घरचा कर्ता पुन्हा आणता येत नाही.

मधे कधी पाय घसरेल. जत्रेत जास्त खर्च होईल, पुडी पुन्हा तोंडात जाईल. म्हणून सगळे सोडून देऊ नका. लागणीत चार डोळे उगवले नाहीत म्हणून कोणी रान नांगरत नाही, नांग्या भरून घेतो. तसेच हे. घसरलेला दिवस वहीत लिहावा आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करावे.

लग्न-वास्तुशांतीचे काय? हा सर्वांत अवघड भाग, कारण तिथे आपण आपल्या मनाने नाही, लोकांच्या डोळ्यांनी खर्च करतो. शेजाऱ्याने दोन पोती युरिया जादा टाकला म्हणून आपणही माती परीक्षण न बघता टाकतो, तोच हा प्रकार. मांडवात जेवून गेलेल्यांपैकी एकही माणूस हप्ता भरायला येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

कर्जमाफीची वाट बघणाऱ्यांनाही दोन शब्द. २००८, २०१७ आणि २०१९ साली माफी जाहीर झाली, तिचा फायदा अनेकांना झाला आणि तो गरजेचाही होता. पण हातउसने, दुकानाची उधारी आणि विनापरवाना सावकाराचे देणे यांना कोणती माफी लागली? पुष्कळजण स्वस्त व्याजाचे सोसायटीचे कर्ज थकवतात आणि शेकडा तीनवाल्याचे नियमित भरतात. केंद्र आणि राज्याच्या सवलती धरल्या तर वेळेत फेडलेले सोसायटीचे पीक कर्ज हे आपल्याला मिळणारे सर्वांत स्वस्त कर्ज आहे. ते थकले की स्वस्त दार बंद होते आणि महाग दारच तेवढे उघडे राहते. सावकारीचा राज्याचा कायदा २०१४ चा आहे. त्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून वर्षाला तारणी कर्जावर ९ आणि विनातारणी कर्जावर १२ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. विनापरवाना सावकारी तर गुन्हाच आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते, आणि सावकारीत गेलेल्या जमिनीबाबत जिल्हा निबंधकांकडे दाद मागता येते.

शेवटी कारखान्याबद्दल. शिस्त फक्त सभासदाने पाळायची असे नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे, आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. मी कारखान्याचा नोकर आहे, तरी हे लिहितो, कारण बिल लांबले की सभासदाचा सगळा कागदावरचा हिशेब कोलमडतो आणि तो पुन्हा त्याच माणसाच्या दारात उभा राहतो.

संचालक मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. बिलातल्या कपातीला आपण सगळे नावे ठेवतो, कारण ती दुसरा कोणी करतो. पण एखाद्या सभासदाने स्वतःहून गट ऑफिसात लेखी दिले, की माझ्या बिलातले टनामागे अमुक रुपये माझ्या वेगळ्या खात्यावर टाका, तर तशी सोय असावी. ती पूर्ण ऐच्छिक असावी, केव्हाही बंद करता यावी, आणि त्या पैशावर कारखान्याचा काडीचाही हक्क नसावा. हातात येण्याआधी बाजूला पडलेला पैसा मोडत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

आपल्या प्लॉटला तोडीचा नंबर लागायला अजून अवधी असेल तर तेवढ्यात तो देण्याचा कागद तयार करा. आमच्या गटातले कर्मचारी हिशेब मांडायला मदत करतील, आणि कागद तुमच्याच घरात राहील. बुडखे काढायला घाम लागतो, पण मोकळ्या रानातली नवी लागण कशी येते ते तुम्हाला मी सांगायला नको.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी