वाजंत्र्यांची संघटना

बीड जिल्ह्यातील मजूर म्हटला की ऊसतोडणी कामगार डोळ्यांसमोर येतो. लग्नसराईत हलगी, संबळ, क्लॅरिनेट वाजवणारा मजूर म्हणून कोणाच्या खिजगणतीतही नसतो. त्याचा मालक तरी कोण? आज परळीचा बँडमालक, उद्या केजचा वधुपिता. सुपारी तोंडी, इसार बँडमालकाच्या खिशात, आणि लग्न मोडले तर वादकाची रात्र फुकट. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर उन्हाळ्याची लग्नसराईच बुडाली. हलगीवाल्याने मजुरी आधी मागितली तर तो उद्धटपणा ठरतो. बलुतेदारी गेली, तिची नजर गेली नाही.

एक मालक नसेल तर संघटना होत नाही, हा युक्तिवाद माथाडी-हमालांनी केव्हाच खोटा पाडला आहे. त्यांनाही दहा दुकानांचे दहा मालक होते. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरणे मालकांवर बंधनकारक केले. मजुरीचे वाटप आणि भविष्यनिर्वाह निधी मंडळ पाहते.

वाजंत्र्यांसाठी असा कायदा होण्यास वेळ लागेल. तोवर संघटना बांधू पाहणाऱ्यांनी लेखी सुपारीचा छापील नमुना काढावा, इसारातील वादकाचा वाटा ठरवून घ्यावा, पावसाळ्यात वाद्यदुरुस्तीसाठी बिनव्याजी उचल द्यावी. सभासदनोंदणीही पावसाळ्यातच, वस्तीवर जाऊन करावी. वरातीत वादकाला बोलायला सवड कुठली? बँडमालकांना मात्र सभासद करून घेऊ नये. त्यांतील काही स्वतः वाजवतात हे खरे, पण मजुरी ठरवण्याच्या वेळी ते देणाऱ्याच्या बाजूला उभे असतात.