मैदान उप्पलला, निकाल दिल्लीत

आमच्या घरी क्रिकेटवरून भांडण नेहमीचंच. हल्ली मात्र स्कोअरपेक्षा कोर्टाच्या तारखाच जास्त निघतात.

हैदराबाद क्रिकेट असोसिएशनचा कारभार इतका बिघडला, की सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट 2022मध्ये देखरेख समिती नेमली. तरी जमेना, म्हणून फेब्रुवारी 2023मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांची एकसदस्य समिती आली. त्यांनी नेमकं दुखणं पकडलं. असोसिएशनमध्ये मत असतं क्लबला, आणि एकेका घराच्या हातात कितीतरी क्लब! हितसंबंधांच्या कारणावरून 57 क्लबांना तीन वर्षं निवडणुकीबाहेर ठेवलं गेलं.

माझी एक मैत्रीण म्हणते, "जजनी आता टीमपण निवडायची का?" मुद्दा चुकीचा नाही. पण 1937-38 आणि 1986-87 असे दोनदा रणजी जिंकलेलं हैदराबाद 2022-23च्या मोसमात प्लेट गटात घसरलं, तेव्हा आतून कोण काय करणार होतं? (पुढच्या वर्षी प्लेट जिंकून वर आलो, हेही सांगायला हवं.)

मला कोर्टाचा हस्तक्षेप खटकत नाही, उशीर खटकतो. अझरुद्दीनचंच घ्या. डिसेंबर 2000मध्ये बीसीसीआयनं आजन्म बंदी घातली, तेव्हा तो 37 वर्षांचा, 99 कसोटी खेळलेला. आंध्र प्रदेश हायकोर्टानं ती बंदी बेकायदा ठरवली 8 नोव्हेंबर 2012ला. वय 49! तो दोषी होता की नव्हता यावर तुम्ही-मी वाद घालू, पण निर्णय कुठल्याही बाजूनं लागला असता तरी बारा वर्षांनी त्याचा खेळाडूला काय उपयोग? वकिलाची तारीख पुढे ढकलता येते, खांदा थांबत नाही.

उलट संघटनांना मात्र कोर्टात वेळ मिळतो आणि ऐकूनही घेतलं जातं. लोढा समितीचा 'एक राज्य, एक मत' नियम 2016मध्ये कोर्टानंच मान्य केला, 2018मध्ये कोर्टानंच तो सैल केला आणि मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ अशी आपल्याकडची तिन्ही मतं परत मिळाली. मराठी माणूस म्हणून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता 2025च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा लवाद आहे. वाद लवकर मिटावेत हा हेतू चांगलाच. पण लवादाच्या दारात कोण पोचणार? ज्याच्याकडे वकील आहे तो.

माझा मावसभाऊ इथल्या एका क्लबकडून लीग खेळायचा. डावखुरा स्पिनर. एका मोसमात त्याला अकरापैकी दोनच सामने मिळाले आणि का, ते कुणी सांगितलं नाही. मावशी म्हणाली, "तक्रार कर." तो म्हणाला, "कुणाकडे?" तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आता गच्चीबावलीत नोकरी करतो, रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या मागच्या मैदानात पोरांना टेनिस बॉलनं बॉलिंग टाकतो. अजूनही त्याचा बॉल कुणाला कळत नाही.